ओ

यळ्ळूरची गच्ची, रात्रीचे साडेअकरा.
पाण्याच्या टाकीला तारेनं आवळलेला अँटेना
राजहंसगडाकडं तोंड करून उभा.
खाली जिन्यात, रिकाम्या पोत्यावर लॅपटॉप
आणि काळ्या पडद्यावर एकच अक्षर:
ओ.
थोड्या वेळानं पुन्हा. मग तीन सलग.
ओओओ.

हाक मारली की माणूस ओ देतो.
या यंत्राचं उलटं,
हाक निसटून गेली की ओ देतं.

सेकंदाला दोन कोटी नमुने.
अठ्ठ्याऐंशी ते एकशे आठ, अख्खा पट्टा एका घोटात:
धारवाड, कोल्हापूर, हवा बरी असेल तर पणजी,
आणि त्यांच्या मधली खरखर,
जिला कुठल्याच सरकारनं जागा नेमून दिलेली नाही.
ते येतच राहतात. डिस्क दमली म्हणून थांबत नाहीत.
ओंजळ भरलेली असली की बोटांवरून वाहून जातात,
ओंजळ म्हणते, मी तर भरलेलीच आहे.

पहिला आठवडा मी सगळं चुकीचं केलं.
वायर बदलली. पोर्ट बदलला. पंखा लावला.
प्रत्येक ओ मोजून, वेळेसकट पडद्यावर छापत बसलो
आणि छापण्यात जेवढा वेळ गेला
तेवढ्यात पुढचा ओ.
तक्रार लिहिता लिहिता तक्रारीचं कारण वाढत जातं,
हे आमच्या भागाला काही नवीन नाही.

मग एका सकाळी गिरणीसमोर कल्लाप्पा भात मापत होता.
लाभ. दोन. तीन.
माप खाली जातं, वर येतं, नजर ढिगावरून हलत नाही.
पोतं शिवणारा दुसरा.
शिवलेलं उचलणारा तिसरा.
मामा, तुम्हीच का शिवत नाही?
तो अकरा म्हणाला, बारा म्हणाला,
वीस झाल्यावर माझ्याकडं बघितलं.
"मापणाऱ्यानं सुई धरू नये गा.
ढीग थांबतोय काय तुझ्यासाठी?"

त्या रात्री कामं वाटून दिली.
एक धागा नुसता घेतो.
विचार करत नाही, लिहीत नाही, कुणाला काही सांगत नाही.
मधे गोल कोठार, सहा सेकंद दम धरेल एवढं.
पलीकडून दुसरा धागा मोठे मोठे ठोकळे उचलतो
आणि डिस्कवर नेऊन टाकतो.
डिस्कला ठसका लागला तरी
घेणाऱ्याला त्याचा पत्ता नाही.

ओ थांबले.
म्हणजे जवळजवळ.
पहाटे तीन बाराला, एक.

उद्यमबागेत माझ्या शेजारच्या टेबलाशी शिवलीला बसते.
डबा उघडता उघडता तिनं विचारलं,
"एष्ट होतु?"
किती गेलं, एवढंच तिला हवं होतं.
माझा कान यळ्ळूरचा, त्यानं ऐकलं:
किती होतं?
दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच निघालं.
पुढच्या ठोकळ्यावरच्या वेळेतून मागची वजा केली:
चाळीस हजार नऊशे साठ.
दोन मिलिसेकंद, वर किंचित.

टोकाला टोक जोडून टाकता आलं असतं.
कानाला कळलं नसतं, डोळ्याला तर नाहीच.
फक्त त्या क्षणापासून पुढचं सगळं
स्वतःच्या वेळेआधी घडलं असतं.
कोल्हापूरचा निवेदक "नमस्कार" म्हणण्याआधीच
म्हणून मोकळा.

म्हणून शून्यं भरली. मोजून.
एक कमी नाही, एक जास्त नाही.
आणि फाइलीशेजारी दुसरी छोटी फाइल,
तिच्यात कुठून कुठपर्यंत आपल्याला माहीत नाही ते.
ऐकताना तिथं टिचकीएवढा आवाज येतो.
शिवलीला म्हणाली, फिल्टर लावून पुसू या.
मी म्हटलं, असू दे.

कल्लाप्पाला हे सांगायला गेलो तर तो हसला नाही.
चुन्याची डबी बंद केली, विचारलं,
"एवढ्या शून्यांना पोती किती लागली?"

तेवढीच, मामा.
भरल्याला लागतात तेवढीच.